आमची वाटचाल: एक सेकंडहँड चाक ते जुने हिरे

हिरे घासून पैलू पाडायच्या कामाची सुरुवात आम्ही दोघांनी केली, मी आणि माझा भागीदार, १८ वर्षांपूर्वी, भांडवल म्हणजे एक सेकंडहँड चाक. चाक म्हणजे बिडाची जाड तबकडी, मिनिटाला साधारण ३००० फेरे, आणि तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची पूड. हिऱ्याला हिराच घासतो, बाकी कशाची टाप नाही. लोक हमखास विचारतात की सगळ्यात कठीण वस्तू स्वतःच्याच पुडीने झिजते कशी? तर हिरा सगळ्या दिशांनी सारखा कठीण नसतो. पुडीतले कण कसेही पडलेले असतात, त्यातल्या काहींची कठीण बाजू वर येतेच, आणि आपण आपला खडा त्याच्या त्यातल्या त्यात मऊ दिशेने टेकवायचा. ऐकायला सोपं आहे, पण ती मऊ दिशा पटकन सापडायला आम्हाला दोन वर्षं लागली.

आम्हाला शिकवायला एक वस्ताद यायचे, चाळीसएक वर्षं याच कामात गेलेले. ते माझ्या मागे पाठ करून बसायचे आणि तरी सांगायचे, "अरे, दिशा चुकली, उचल." मला वाटायचं काय जादू आहे. जादू काही नव्हती, ते ऐकत होते. दिशा बरोबर असली की खडा चाकावर बारीक सळसळतो, चुकली की किंचाळतो, आणि तसाच दाबून धरला तर पैलूवर पांढुरका डाग येतो, तो भाजल्याचा. मग तो पैलू परत घासा, म्हणजे परत वजन गेलं.

पहिली काही वर्षं फक्त जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याचे हिरे घासून द्यायचे, आणि तेही राउंडचंच, म्हणजे गोल हिऱ्यांचं. राउंड ब्रिलियंटला ५७ पैलू, वरच्या भागात ३३ आणि खाली २४, टोकाला बारीकसा क्युलेट, म्हणजे खालच्या टोकावरचा सपाट पैलू, ठेवला तर ५८. नेहमीचा रफ, म्हणजे न घासलेला, हिरा दोन पिरॅमिड बुडाशी जोडल्यासारखा आठ बाजूंचा असतो, त्यातून गोल काढायचा तर अर्ध्याच्या आसपास, बऱ्याचदा जास्तच, पूड होऊन जातं. आणि इथेच आमची खरी भांडणं व्हायची. काम देणारा म्हणणार वजन वाचवा, कारण ०.९८ आणि १.०० कॅरेटमध्ये डोळ्याला काडीचा फरक दिसत नसला तरी विकताना दिसतो. म्हणून मग कंबर, म्हणजे वरच्या-खालच्या भागांमधली कड, जाड ठेवा, खालचं पोट थोडं फुगवा. हिऱ्यांच्या धंद्यातल्याच मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्येच हिशोब मांडून ठेवलाय, खालच्या पैलूंचा कोन ४०.७५ अंश, वरच्यांचा ३४.५, टेबल, म्हणजे माथ्यावरचा सपाट पैलू, रुंदीच्या ५३ टक्के, म्हणजे आत गेलेला प्रकाश दोनदा उलटून वरूनच बाहेर येतो. आज कोनांच्या थोड्या वेगळ्या जोड्याही चांगल्या मानतात, पण खालचा कोन फार वाढला की मध्यभाग काळा पडतो, फार उतरला की टेबलातून कंबरेचं करडं कडं दिसायला लागतं. आम्ही असे जाड कंबरेचे हिरे बरेच केले, खोटं कशाला बोलू, भाडं भरायचं होतं.

एक खडा फुटलासुद्धा. आत ताण होता, बारीक भेग कडेपर्यंत आलेली, लूपखाली, म्हणजे भिंगातून, ती दिसली होती पण होईल म्हटलं, आणि चाकावर तापल्यावर टच्चकन आवाज आला. भरपाई हप्त्यांनी दिली. त्यानंतर मी कलिनन या प्रचंड हिऱ्याची गोष्ट नवीन पोरांना आवर्जून सांगतो. ३१०६ कॅरेटचा खडा, १९०८ मध्ये ॲम्स्टरडॅमला जोसेफ ॲशर या हिरे कापणाऱ्याने फोडायला घेतला, आणि पहिल्या घावाला पातं तुटलं, हिरा जसाच्या तसा. त्याला भोवळ आली वगैरे सांगतात ते सोडून द्या. मुद्दा हा की त्याने घाव घालण्याआधी कितीतरी दिवस नुसता खडा बघण्यात घालवले. आता आमच्याकडे स्कॅनिंग मशीन आहे, रफ आत ठेवला की डाग, भेगा, कुठून कापला तर काय निघेल सगळं स्क्रीनवर येतं, कापायला लेझर आहे. तरी ताण असलेला खडा आला की मी आजही एक दिवस हात लावत नाही.

जुन्या हिऱ्यांकडे वळलो ते एका पश्चात्तापामुळे. एका बाईंच्या आजीच्या अंगठीतला हिरा आला होता, ओल्ड माइन कट, चौकोनी पण कडा गोलसर, टेबल एवढंसं, माथा उंच, आणि वरून बघितलं की मधोमध क्युलेटचा छोटा गोल दिसणारा. विजेच्या दिव्याआधीचे कट हे, मेणबत्तीच्या उजेडात यांचे झोत जाड आणि रंगीत पडतात. मी त्यांना म्हटलं, ताई, आधुनिक राउंड करून देतो, डबल चमकेल. केला. चमकला पण. वजन तिसऱ्या हिश्श्याने गेलं, आणि अंगठी घालून त्या बराच वेळ बघत राहिल्या मग म्हणाल्या, छान झालाय, पण हा कुणाचा आहे? मला काही बोलता येईना. कोहिनूरचंही १८५२ मध्ये लंडनला हेच केलं, ४० टक्क्यांहून जास्त वजन घालवलं, आणि तरी निकाल सगळ्यांना आवडला असं नाही.

तेव्हापासून जुना खडा आला की आधी विचारतो, नेमकं काय खटकतंय? बहुतेक वेळा कंबरेला टवका गेलेला असतो, बस. तेवढाच भाग घासायचा, शेजारचे दोन-तीन पैलू जुळवून घ्यायचे, बाकीच्याला हात नाही. यात पैसे कमी मिळतात, भागीदार अजून कुरकुरतो, पण निम्म्याहून जास्त काम आता हेच येतं. मागच्या आठवड्यात असाच एक गेला, ०.०३ कॅरेट कमी झालं फक्त, क्युलेटचा गोल जागच्या जागी. डबी बंद करायच्या आधी मी खिडकीचा पडदा ओढून एकदा मेणबत्तीखाली धरून बघितला.