बाटलीतली पाणसळ

अठरा माणसं बोगद्यात शिरली आणि सतरा बाहेर आली.

टूर मॅनेजरच्या नोकरीत मुंडकी मोजायची इतकी सवय लागते की घरच्या लग्नातही पंगत मोजत बसते मी. आजवर पासपोर्ट हरवले, बॅगा हरवल्या, एकदा एका आजोबांची कवळी हॉटेलात राहिली. माणूस मात्र कधी हरवला नव्हता. हरवला तोही कुठे, तर स्पेनच्या तेरुएल प्रांतात, खेआ दे आल्बाराथीन गावाबाहेरच्या रोमन बोगद्यात. वेळ दुपारी अडीचची. त्या वेळी स्पेनमधल्या खेड्यात दुकानाचं शटर खाली असतं आणि रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मोबाइलला रेंज नाही.

ऑक्टोबरातला ग्रुप होता. पुण्या-ठाण्याची बरीचशी आणि संभाजीनगरची चार माणसं. 'बार्सिलोना-माद्रिद सगळेच बघतात, आम्हाला खरा स्पेन दाखवा' म्हणून आलेली. तेरुएल म्हणजे वस्ती इतकी विरळ, की इथल्या लोकांनी 'तेरुएलही अस्तित्वात आहे' अशा नावाची चळवळ काढली आणि २०१९ साली त्याच नावावर संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एक खासदार पाठवला. हे मी बसमध्ये सांगितलं तेव्हा फक्त एक माणूस हसला. तेच ते हरवलेले काका. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त, नोकरीचा मोठा काळ जायकवाडीच्या कालव्यांवर गेलेला. चार दिवसांत त्यांनी माझ्याशी जेमतेम दहा वाक्यं बोलली असतील. त्यातली सहा जेवणाबद्दल, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. 'मांस नको' सांगून मागवलेल्या सॅलडवर इथे बिनदिक्कत ट्यूना येतो. मासा म्हणजे मांस नव्हे, ही वेटरची प्रामाणिक समजूत.

आदल्या दिवशी आम्ही रोदेनोच्या पाइनच्या जंगलात होतो. लाल वालुकाश्माचे घराएवढे धोंडे, पाठीवर जाड गाद्या बांधून त्या धोंड्यांवर चढायला आलेली युरोपभरची पोरं, आणि एका कपारीत लोखंडी जाळीमागे हजारो वर्षांपूर्वी रंगवलेले पांढुरके बैल. १९९८ पासून ही चित्रं जागतिक वारशात आहेत. आमच्यातल्या आयटीवाल्या जोडप्याने गाद्या भाड्याने घेऊन दोन तास हात सोलून घेतले. काका एका पाइनला टेकून बसले होते.

सकाळी आल्बाराथीनची तटबंदी चढलो. 'एवढे पैसे भरून परत गडच चढतोय की आपण,' हे वाक्य कोणीतरी म्हणणार हे ठरलेलंच होतं, ते ठाण्याच्या काकूंनी म्हटलं. पण आंदादोर बुरुजाशी पोचल्यावर त्याही गप्प झाल्या. खाली नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेलं गुलाबी गाव. लाल माती मिसळलेल्या जिप्समच्या गिलाव्याचा तो रंग. वरचे मजले गल्लीवर इतके पुढे आलेले, की समोरासमोरची छपरं एकमेकांना टेकायची तेवढी राहिलीत. दारांवर सरड्या-ड्रॅगनच्या आकाराच्या कड्या. अकराव्या शतकात बनू राझीन या बर्बर घराण्याचं इथे छोटंसं स्वतंत्र राज्य होतं, गावाचं नावही त्यांच्यावरून आलं. हे सगळं मी घडाघडा सांगते, पाठ आहे मला.

मग नदीकाठची पायवाट. तिथल्या झुलत्या पुलावर काका थांबले, वरच्या अंगाला वाळकी काडी टाकली आणि खालून ती बाहेर यायची वाट बघत घड्याळाकडे बघत राहिले. 'काका, चला ना, बस थांबलीय,' मी दोनदा ओरडले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तर अडीच वाजता मी घामाघूम. काकांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकू, एका दगडावर बसून शांतपणे चिवडा खात होत्या.

'काकू, काका कुठेत?'

'असतील आत. मोजत असतील काहीतरी.'

टॉर्च घेऊन परत शिरले. आता हा बोगदा काय, ते सांगते. पहिल्या शतकात रोमनांनी आल्बाराथीनजवळ नदीचं पाणी अडवून थेया गावापर्यंत सुमारे २५ किलोमीटर नेलं, त्यातला बराच भाग डोंगर पोखरून. खेआजवळच्या घळीत बोगद्याचा एक तुकडा आत जाऊन पाहता येतो. माणूस उभा चालू शकेल असा, भिंतींवर टिकावाचे घाव अजून दिसतात, आणि घळीच्या बाजूला ठरावीक अंतरावर खिडक्या.

अशाच एका खिडकीशी काका उकिडवे बसले होते. जमिनीवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवलेली, आणि मोबाइलच्या उजेडात ते आतल्या पाण्याची कड बघत होते.

'काका! अहो, किती घाबरले मी!'

'ढाळ बघतोय.' त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. 'ह्या बाटलीवर काही कळायचं नाही म्हणा. डंपी लेव्हल, ती मोजणीची दुर्बीण, पाहिजे. पण हात स्वस्थ बसत नाहीत. ताई, ह्या खिडक्या कशाला म्हणालात तुम्ही?'

'हवा-उजेडासाठी.'

'कोणी सांगितलं?'

खरं तर कोणीच नाही. कधीतरी मीच ठरवलेलं.

'हे अ‍ॅडिट आहेत,' काका म्हणाले. 'बोगदा दोनच टोकांनी खणत बसलात तर जन्म जाईल. म्हणून घळीतून जागोजागी आत घुसायचं आणि प्रत्येक भोकातून दोन्हीकडे खणत सुटायचं. मुरूम तिथूनच खाली फेकायचा. आता गंमत काय, की शेजारच्या भोकातून येणारा गडी आपल्याला नेमका भेटला पाहिजे. ना खाली, ना वर. हे बघा.' त्यांनी भिंतीवर टॉर्च फिरवला. 'इकडचे घाव ह्या बाजूला तिरके, तिकडचे त्या बाजूला. इथे भेटलेत दोघं.'

त्यांनी दाखवलेल्या जागी हात ठेवला. बोटांना भिंत किंचित वळल्यासारखी लागली. या बोगद्यात मी चौथ्यांदा आले होते.

बाहेर येता येता त्यांनी विचारलं, 'सकाळची ती नदी पुढे कुठे जाते?'

नदीचं नाव ग्वादालावियार, अरबीत 'पांढरी नदी', एवढं पाठ होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. मी ड्रायव्हरला विचारलं. तो व्हॅलेन्सियाचा. झाडाखाली झोपायच्या तयारीत होता, पण ह्या प्रश्नावर उठून बसला. म्हणाला, तेरुएल शहरात तिला आल्फांब्रा मिळते आणि तिथून तिचं नाव तुरिया. 'आमची नदी!'

काकांनी कपाळावर हात मारला. 'म्हणजे परवा आपण फिरलो ती बाग!'

तीन दिवसांपूर्वी आम्ही व्हॅलेन्सियात तुरियाच्या कोरड्या पात्रातल्या बागेत हिंडलो होतो. १९५७ च्या ऑक्टोबरात पूर आला, शहर बुडालं, मग नदीच शहराबाहेरून वळवली आणि जुन्या पात्रात बाग केली. तिथे सगळ्यांनी आइस्क्रीम खात फोटो काढले होते. सकाळी काडी टाकली ते खळखळतं पाणी त्याच नदीचं, हे कोणाच्या डोक्यात येणार?

'आणि थेयातलं पाणी कुठे जातं?' काका.

ड्रायव्हर विचार करू लागला. खिलोका नदी, ती खालोनला, ती एब्रोला. मधेच त्याचे डोळे मोठे झाले. 'एक मिनिट. रोमनांनी आमचं पाणी एब्रोवाल्यांना दिलं?'

मी भाषांतर केलं. काका पहिल्यांदाच खळखळून हसले. 'सांगा त्याला, आम्हीपण कोयनेचं पाणी घाट उतरवून कोकणात सोडलंय. खोरं बदललं की भांडण आलंच. दोन हजार वर्षांनी का होईना!'

आता त्यांना थेया बघायचं होतं. ते कार्यक्रमात नव्हतं, पण झारागोझाच्या वाटेवर होतं. 'विहीर बघायला स्पेनला?' असं एक नाराज वाक्य मागच्या सीटवरून आलंच, कारण थेयात बघण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे विहीर. मी ऑफिसला मेसेज टाकला: 'वाटेत टॉयलेट स्टॉप.' खोटं नव्हतं, थेयात टॉयलेट होतं.

ती विहीर नव्हे, दगडी कठड्याचं लंबगोल तळंच. मध्ययुगात खणलेली, कठडा अठराव्या शतकातला. जमिनीखालचं पाणी दाबाने आपसूक वर येतं, पंप नाही की मोट नाही. हाच खिलोकाचा उगम मानतात. नाराज मंडळी फोटो काढू लागली. काका कठड्याला दोन्ही हात टेकून कितीतरी वेळ खाली बघत राहिले.

'बिचारे,' ते पुटपुटले.

'कोण?'

'रोमन. डोंगर फोडून पाणी आणलं इथे. आणि पायाखाली हे!'

जाताना त्यांनी ती अर्धी बाटली काढली. सकाळी आल्बाराथीनच्या नळावर भरलेली. विहिरीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे वाकून त्यांनी ती हळूहळू, धार न तोडता, पार रिकामी केली आणि झाकण लावून पुन्हा पिशवीत ठेवली.

काकू कावल्या. 'अहो, पिण्याचं होतं ते! आता गोळी कशाशी घेणार?'

रात्री झारागोझात जेवणानंतर सगळे जुन्या दगडी पुलावर गेलो. खाली एब्रो, रुंद आणि काळी, पलीकडे पिलारच्या चर्चचे दिवे. मी मोजले, अठरा. काकू कठड्यावरून वाकल्या.

'आलं का हो तुमचं पाणी?'

काकांनी जरा हिशेब केला. 'आज कसं येईल? चार-पाच दिवस तरी लागतील.'