टाकी फुटली, दिवा गप्प

शनिवार, रात्री

बाबांची गाडी 2005 ची. डिझेल सेडान, दोन लाख किलोमीटरला टेकलेली, आणि बाबांच्या मते ‘अजून दहा वर्षं तिला मरण नाही’. पण कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी दर आठवड्याला बोटभर खाली जात होती आणि बाबा कुणाला न सांगता वरून पाणी घालत होते. तेही नळाचं. आमच्याकडे नळाचं म्हणजे निम्मं बोअरचं. त्याने गीझरची कॉइल वर्षभरात पांढरीफटक होते. मला हे परवा कळलं, ते हातात तांब्या घेऊन पार्किंगकडे निघाले तेव्हा.

जमिनीवर मात्र एक थेंब नाही. गार इंजिनात कूलंटची टाकी बाहेरून कोरडीठाक. हात वळवून मागच्या बाजूने चाचपलं तेव्हा जोडाच्या रेघेवर बोटाला खरखरीत काहीतरी लागलं. नखाने काढून पाहिलं तर गुलाबी-पांढरी खपली. गळतं आहे, पण फक्त गरम असताना, आणि सांडलेलं इंजिनाच्या उष्णतेवर तिथल्या तिथे वाळून जातंय.

गार गाडीत टाकीवर दाब नसतोच. इंजिन तापलं, कूलंट फुगलं, की झाकण सव्वा-दीड बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब) दाब कोंडून ठेवतं. कूलंट म्हणजे निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल; ते उघड्यावर साधारण 107 अंशांना उकळतं. दाबाखाली तेच 125 च्या पुढे जातं. म्हणजे टाकीला चीर गेली की नुसतं कूलंट जात नाही, उकळण्याची मर्यादाही खाली येते, आणि चढावर नेमके तेच वरचे वीसेक अंश हाताशी लागतात. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीत बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या मे महिन्यात दिसतातच. त्या सगळ्या भंगार असतात असं नाही.

खात्री करायला कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून दाब तपासायचा हातपंप मागून आणला. सायकलच्या पंपासारखाच, फक्त पुढे झाकणाच्या आट्यात बसणारा जोड आणि वर काटा. टाकीच्या तोंडावर घट्ट बसवला, हळूहळू एक बारपर्यंत नेला आणि टॉर्च घेऊन वाट बघत बसले. काटा जागचा हलेना. मग हलला, अगदी केसभर. टाकीच्या दोन अर्ध्या वाट्या जिथे जोडलेल्या असतात त्या रेघेवर एक गुलाबी मणी फुगला, थांबला, दुसरा त्याला येऊन मिळाला आणि दोघं मिळून खाली ओघळले. इतकी बारीक चीर, पण वीस वर्षं रोज तापून गार झालेलं प्लास्टिक आहे ते. मुळात दुधी होतं, आता चहाच्या रंगाचं झालंय, आणि नखाने टकटक केलं तर आवाजही ठिसूळ येतो.

रेघेवर थोड्या अंतरावर कुणीतरी पूर्वी पुट्टी मळून लावलेली होती. स्क्रूड्रायव्हरने जरा उचकलं तर अख्खी चकती हातात आली. ही टाकी पॉलिप्रॉपिलीनची असते आणि त्या प्लास्टिकला एपॉक्सी धरतच नाही. वर नुसती बसून राहते.

इथवर ठीक होतं. मला खरी उत्सुकता दिव्याची होती. या गाडीत टाकीच्या तळाशी पातळीचा सेन्सर आहे. कूलंट कमी झालं की डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकतो आणि भोंगा वाजतो. पातळी ‘मिन’च्या रेघेच्या कितीतरी खाली गेली होती, मग दिवा का नाही?

किल्ली फिरवली. दिवा दोन-तीन सेकंद लागला आणि विझला; म्हणजे बल्ब शाबूत. मग सेन्सरचा कनेक्टर उपसला. आतली रचना साधी आहे: टाकीच्या तळातून धातूच्या दोन काड्या वर आलेल्या असतात. कूलंटमधून वीज वाहते, त्यामुळे काड्या बुडालेल्या असल्या की सर्किट पूर्ण, उघड्या पडल्या की तुटलं. कनेक्टरच काढला म्हणजे सर्किट तुटलंच, दिव्याने बोंबलायला हवं. तो गप्प.

वायर धरून मागे मागे गेले. बॅटरीच्या ट्रेखाली काळी टेप गुंडाळलेली सापडली, उष्णतेने चिकट झालेली. उलगडली तर दोन्ही वायरी सोलून एकमेकींना पीळ देऊन ठेवलेल्या. गाडीच्या दृष्टीने टाकी कायमची भरलेली.

डोकं फिरलं. तणतणत वर आले आणि बाबांना म्हटलं, “कुणा मिस्त्रीने हे केलंय, नाव सांगा त्याचं.”

बाबांनी पेपर खाली ठेवला. “अगं, मीच सांगितलं होतं त्याला. टाकी भरलेली असायची आणि तो दिवा आपला चालूच. हायवेला भोंगा वाजला की तुझी आई घाबरायची. तो म्हणाला टाकी बदलायला लागेल. मी म्हटलं, टाकीला काय झालंय? दिवा बंद करून दे.”

यावर काय बोलणार. त्या मिस्त्रीचं निदान बरोबर होतं. काड्यांवर तेव्हाच क्षारांचा थर बसला असणार, वीज जाईना, म्हणून खोटी बोंब. आणि सेन्सर टाकीतच ओतून बसवलेला असल्याने तो सुटा मिळत नाही, टाकीसकटच घ्यावा लागतो. गिऱ्हाईक नको म्हणालं, त्याने गिऱ्हाइकाचं ऐकलं. मी त्याच्या जागी असते तर बिलावर तरी लिहिलं असतं. तेवढा राग मी राखून ठेवलाय.

बाबांचं पुढचं म्हणणं असं की तापमानाचा काटा तर कायम नव्वदवर असतो. असतोच. या गाड्यांत तो काटा मुद्दाम तसा बांधलेला असतो: खरं तापमान ऐंशी असो की शंभर, तो नव्वदवर स्थिर दाखवतो, चालकाने उगाच काळजी करू नये म्हणून. त्यापुढे गेल्यावर मात्र झपकन वर चढतो. आणि कूलंट पुरतं संपलं तर तापमानाचा सेन्सर हवेत लोंबकळतो, मग तो काय सांगेल याचा भरवसा नाही. म्हणूनच पातळीचा दिवा वेगळा दिलेला असतो. हे मी जेवताना सांगितलं. आईने ऐकलं, बाबांनी भाकरी मोडली.

संध्याकाळी नाना पेठेत जाऊन टाकी आणली. काउंटरवरच्या दादांनी आधी “मॅडम, मिस्त्रीला पाठवा, नंबर चुकतो” असं सुनावलं. जुनी टाकी पिशवीतून काढून पुढ्यात ठेवली आणि दोन पिनांचा जोड दाखवला, मग गुपचूप माळ्यावर चढले. झाकणही नवीन घेतलं. दाब धरायचं काम झाकणातल्या व्हॉल्व्हचं. वीस वर्षांच्या व्हॉल्व्हवर नवी टाकी सोपवण्यात अर्थ नाही.

रविवार

टाकी काल काढतानाच अवघड भाग उरकला होता. मोठा होज, म्हणजे रबरी पाइप, पकडीने क्लिप दाबून सुटला. वरच्या बारीक होजने छळलं. तो नळीवर भाजून बसलेला, ओढला तर नळी मोडणार. टाकी जाणारच होती, पण होज हवा होता, म्हणून मी टाकीचीच नळी कापली आणि होजमधला तुकडा नंतर सावकाश फिरवून काढला.

काढलेलं कूलंट गटारात ओतलं नाही, कॅनमध्ये भरून वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. फरशीवर सांडलेलं लगेच पुसून भरपूर पाण्याने धुतलं. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि पार्किंगमधली कुत्री ते चाटतात. थोडंसंही त्यांची मूत्रपिंडं निकामी करायला पुरतं. वॉचमन काकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी स्वतःहून आणखी एक बादली आणून ओतली.

वायरींचा पीळ सोडवून काळी पडलेली टोकं कापली, नवा तुकडा डाख देऊन जोडला, वर स्लीव्ह चढवली. कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट गंज होता, तो बारीक पॉलिश पेपरने घासला. नव्या टाकीच्या काड्या चकचकीत होत्या. जुन्या टाकीतल्या काड्यांवर तपकिरी कवच. मल्टिमीटर लावून ताज्या कूलंटमध्ये बुडवल्या तरी मीटर ढिम्म. बाबांना बोलावून दाखवलं. “चिंच लावून बघ,” म्हणाले. लावली. एक काडी उजळली, दुसरी नाही.

भरताना कॉन्संट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रंग बघून नाही, मॅन्युअलमधला दर्जा बघून घेतलं; दुकानात गुलाबी बाटल्या ढीगभर असतात आणि आतलं रसायन वेगवेगळं असतं. चुकीच्या दोन जाती एकत्र आल्या तर आत गाळ धरतो. मग आत अडकलेली हवा निघावी म्हणून हीटर पूर्ण गरमवर ठेवून, खिडक्या उघड्या टाकून, रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. वरचा होज मधूनमधून दाबत होते, टाकीत बुडबुडे येत होते. मे महिन्यातल्या दुपारी हीटर लावून बसायला कुणी जोडीदार मिळाला नाही.

गार झाल्यावर शेवटची तपासणी: इंजिन चालू असताना कनेक्टर उपसला. भोंगा असा वाजला की बाबा गॅलरीतून ओरडले, “काय मोडलंस?” परत बसवला, गप्प झाला. पुन्हा उपसला, पुन्हा वाजला. मला आवडला तो आवाज. आईला नाही.

मंगळवार

सकाळी गार गाडीत पातळी थोडी खाली होती, अडकलेली हवा निघाल्यामुळे. ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या मध्ये आणून ठेवली. जोडाची रेघ कोरडी, बोटाला काही लागत नाही. तांब्या आईने स्वयंपाकघरात परत नेला.

बारीक होजचं टोक कडक झालंय, तो बदलायचाय. पण टायमिंग बेल्टचं काम दिवाळीच्या आधी निघणारच आहे आणि कूलंट फिरवणारा वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, तेव्हा होज, पंप आणि बेल्ट एकदमच घेऊ. मजुरी एकदाच पडेल.