मोर्चा, धरणं आणि काळी फीत

नोव्हेंबरची एक तारीख आली की बेळगावातल्या आमच्या गल्लीचे दोन रंग होतात. अर्धी गल्ली कर्नाटक राज्योत्सवाची, लाल-पिवळी, अर्धी काळी. 1956 साली याच तारखेला भाषावार प्रांतरचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेले. तेव्हापासून इथला मराठी माणूस काळा दिन पाळतो. दुपारी दोन्ही रंगांची माणसं एकाच टपरीवर चहा पितात, ते वेगळं.

काळ्या फितींचं खातं आमच्या आत्तीकडं. मोडक्या छत्रीचं कापड बोटभर रुंद कापायचं, दोरे सुटू नयेत म्हणून कडा मेणबत्तीवर जरा धरायच्या, दंडाला सेफ्टी पिन लावायची. एकदा पुतण्यानं डिवचलंच, "आत्ती, हितकी वर्सं बांधून काय झालं ओ?"

"व्हायचं तवा हुईल. पण ह्यास्नी चाललं हुतं, असं उद्या कोण म्हणू ने. म्हणून बांधायची."

आत्तीला लॅटिन येत नाही, पण प्रोटेस्ट शब्दाच्या मुळाशी ती बरोबर पोचली. टेस्टिस म्हणजे साक्षीदार, आणि प्रोटेस्टारी म्हणजे चारचौघांत साक्ष देणं, आपलं म्हणणं जाहीर सांगून ठेवणं. विरोधाचा अर्थ त्याला पुढं चिकटला. 1529 साली जर्मनीतल्या श्पायर गावी भरलेल्या सभेत बहुमतानं मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणांना आवर घालणारा ठराव झाला. अल्पमतातल्या सरदारांनी आणि काही शहरांनी आपली हरकत रीतसर लेखी नोंदवली, आणि त्यावरून प्रोटेस्टंट हे नाव पडलं. एवढा मोठा धर्मपंथ, नाव मात्र अर्जावरून! आपल्याकडं 1881 च्या कायद्यातही तो जुना अर्थ टिकून आहे. विनिमयपत्राचे, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी आदेशाचे, पैसे मिळाले नाहीत की नोटरी तसा दाखला देतो, त्याला प्रोटेस्टच म्हणतात. कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसलेल्या नोटरीला घोषणा देताना कोणी पाहिलंय?

आमचे शब्द तसे लढवय्ये. मोर्चा फारसीतून आला. किल्ल्याला वेढा घालताना तोफा-बंदुकांसाठी केलेला आडोसा तो मोर्चा. 1818 साली इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेनं बेळगावच्या किल्ल्याला असे खरेखुरे मोर्चे लावले होते. आताचे मोर्चे कलेक्टर कचेरीवर जातात आणि निवेदन देऊन घरी येतात. कानडीतला शब्दही त्याच घराण्यातला, प्रतिभटने. भट म्हणजे योद्धा, प्रतिभट म्हणजे त्याच्यासमोर उभा ठाकलेला. गंमत अशी की सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तिथं मोर्चा आणि प्रतिभटने दोघांनाही बाहेर चप्पल काढून ठेवावी लागते. आत चालते ती साक्षच.

मला सगळ्यांत आवडतं ते धरणं. डिसेंबरात बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की आसपास मांडव पडतात. ऊसवाले, अंगणवाडीच्या बायका, मराठी-कानडी सगळे एकाच ताडपत्रीवर बसतात. पण धरणं मुळात सरकारच्या दारातलं नव्हेच. सावकारानं, नाहीतर त्यानं बसवलेल्या ब्राह्मणानं, कर्जदाराच्या उंबऱ्याशी उपाशी बसायचं. काही बरंवाईट झालं तर पाप घरमालकाच्या माथी. इंग्रजांनी याची एवढी धास्ती घेतली की 1860 च्या दंडसंहितेत, 508 व्या कलमाच्या उदाहरणात, धरणं हा शब्द जसाच्या तसा घातला.

कायद्याला ते ठाऊक, गल्लीला नाही. शहापुरात आमच्या ओळखीच्या एका बाईचे भिशीचे पैसे अडकले होते. मागून मागून कंटाळली आणि एका सकाळी देणेकरणीच्या पायरीवर जाऊन बसली. ना घोषणा, ना फलक. येणारा-जाणारा विचारायचा, "काय ओ वैनी, हितं का बसलाय?" ती शांतपणे खरं ते सांगायची, आकड्यासकट. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला हिशेब पाठ. घरातल्या सासूबाईंनी दोनदा चहा आणून ठेवला. चहा घेतला की आपण पाहुणे ठरतो, हे वैनींना पक्कं ठाऊक, त्यामुळं कपावर साय धरली तरी हात लावला नाही. दिवेलागणीला पैसे आले, चारशे रुपये कमी. ते चारशे अजून यायचेत, आणि ती पायरी आता त्यांनी फरशी बसवून निसरडी करून घेतलीय.