१४ वर्षांच्या पोराला ए फॉर ॲपल म्हणायला लावू नका

नुकतीच शिकवायला लागलेली एक मैत्रीण परवा फोनवर रडकुंडीला आलेली, म्हणे माझी पोरं इंग्लिशच्या तासाला तोंडच उघडत नाहीत गं. मला हसूच आलं, कारण मी स्वतः पहिल्या दिवशी एकेकाला उभं करून "माय नेम इज" म्हणायला लावलं होतं, तिसरा मुलगा अडखळला, मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि तो पुढे दोन महिने माझ्या तासाला गप्प. चूक अर्थातच माझी.

या वयात इंग्लिश येत नाही याचं काही वाटत नाही हो, चारचौघांत हसं होईल याची भीती असते. म्हणून वर्गात घ्यायचा खेळ निवडताना मी आता एकच बघते, सगळे एकदम बोलतायत ना? मग कोण चुकतंय हे ऐकायला कोणी रिकामंच नसतं.

माझा सगळ्यात लाडका खेळ म्हणजे रनिंग डिक्टेशन. सहा-सात सोपी वाक्यं कागदावर लिहून लांबच्या भिंतीला चिकटवायची, जोड्या करायच्या, एकाने पळत जाऊन वाचायचं, लक्षात ठेवून परत यायचं आणि जोडीदाराला सांगायचं, त्याने लिहायचं. लांबून ओरडायचं नाही, पळणाऱ्याने पेनला हात लावायचा नाही आणि अर्ध्यावर अदलाबदल, नाहीतर हुशार पोरगं लिहीतच बसतं. वाचणं, बोलणं, ऐकणं, लिहिणं सगळं एका दमात होतं. आणि गंमत म्हणजे "ही गेट्स अप ॲट सेव्हन" हे वाक्य वहीत हमखास "ही गेट अप" होऊन येतं, मग मूळ कागदाशी ताडून बघताना तो हरवलेला एस त्यांचा त्यांनाच सापडतो, मला ग्रामर वेगळं सांगावंच लागत नाही.

दुसरं, टीपीआर, म्हणजे टोटल फिजिकल रिस्पॉन्स. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत, शिक्षकाने सूचना द्यायची, मुलांनी ती करून दाखवायची, बोलायची सक्ती नाही. पण "स्टँड अप, सिट डाऊन" या वयाला बालिश वाटतं, म्हणून पाच मिनिटांनी मी उलटं करते, तुम्ही मला ऑर्डर द्या. मॅडमला टेबलाभोवती फिरवायला मिळतंय म्हटल्यावर एरवी गप्प बसणाऱ्यांनाही वाचा फुटते!

थोडेसे फरक असलेली दोन चित्रं घेऊन पाठीला पाठ लावून फरक शोधणं पण मस्त चालतं, फक्त आधी "इज देअर अ...?" आणि "हाऊ मेनी...?" फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर दोन मिनिटांत सगळे मातृभाषेत सुरू. अर्थात खेळ समजावताना मातृभाषा वापरायला माझी अजिबात ना नाही, नियमच कळला नाही तर खेळणार काय?

गाण्यांचं मात्र मला फारसं कौतुक नाही, अर्धा वर्ग नुसते ओठ हलवतो.

चुका मध्येच दुरुस्त करत नाही, फिरता फिरता टिपून ठेवते आणि शेवटी तीन-चार वाक्यं बिननावाने फळ्यावर.

मैत्रिणीने काल रनिंग डिक्टेशन करून बघितलं, तिचा मेसेज आला की पोरं बोलली, पण शेजारच्या वर्गाचे सर दोनदा येऊन बघून गेले. त्यांना आधी सांगून ठेव, हे सांगायचं माझं राहूनच गेलं होतं.