तुम्ही विचारलंत म्हणून: सोबर्स, कपिल की जडेजा?

नागपुरात सिव्हिल लाईन्सच्या जुन्या मैदानाबाहेर चहा घेताना, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तुमचा एकच प्रश्न: सर्वांत मोठा ऑलराउंडर कोण? मी तोंड उघडलं की तुम्ही आकडे काढता.

आकडे मलाही पाठ आहेत. वेस्ट इंडीजच्या सोबर्सची कसोटीतली बॅटिंगची सरासरी ५७.७८, बोलिंगची ३४.०३. कपिलची ३१.०५ आणि २९.६४. कॉलेजात मी बॅटिंगच्या सरासरीतून बोलिंगची वजा करायचो, या वजाबाकीवरच भांडायचो आणि सोबर्सला पहिला नंबर द्यायचो. त्या पोराला आज विचारावंसं वाटतं: दुसऱ्या टोकाला धड वेगवान बोलर नसताना, आपल्या मेलेल्या विकेटवर कपिल धावत राहिला, ते तुझ्या वजाबाकीत कुठे आहे? तो म्हणेल, मग दक्षिण आफ्रिकेच्या कॅलिसच्या १३२८९ धावा आणि २९२ विकेट्सचं काय? तिथे मी गप्प होतो.

माझं मत बनलं ते एका निवड चाचणीत. ऑक्टोबरचं ऊन. सकाळपासून एक टोक माझ्याकडेच होतं. कोणी बदली बोलर देईना. मग एकदम, 'पॅड बांध'. बोटं इतकी आखडली होती की ग्लोव्हज घालता येईनात. तरी उभा राहिलो, दिवस संपेपर्यंत आऊट झालो नाही. संध्याकाळी निवडणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, 'तू नेमका कोण बे? बॅट्समन का बोलर?' 'दोन्ही, सर.' 'म्हणजे एकही नाही.' यादीत माझं नाव नव्हतं. तो निवडणारा दिवसभर सावलीत बसून होता, आणि मला ते अजून सहन होत नाही.

म्हणून मला आधी आपला जुना ऑलराउंडर विनू मंकड आठवतो. इंग्लंडविरुद्ध लॉर्ड्स, १९५२: ७२ धावा, मग ७३ ओव्हर्स, मग १८४. आपण तरी आठ विकेट्सनी हरलो. एका कामाने पिळून निघाल्यावर दुसरं काम कसं होतं, मी तेवढंच बघतो.

जुनी जखम बोलतेय, म्हणाल. असेल. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या जामठ्याच्या स्टेडियमवर, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परतलेल्या जडेजाने ऑस्ट्रेलियाच्या ४७ धावांत पाच विकेट्स काढल्या आणि वर ७० केल्या, हेही मी याच मापाने मोजतो. विकेट फिरकीला साथ देत होती, खरं आहे. लॉर्ड्सला मंकडला पाच विकेट्ससाठी १९६ धावा मोजाव्या लागल्या. म्हणून जडेजाला मी त्याच्या खाली ठेवतो. मग जडेजाचेच मोहालीचे नाबाद १७५ आणि त्याच कसोटीतल्या नऊ विकेट्स आठवतात, आणि मला पुन्हा मांडणी करावी लागते.