तुम्ही विचारलंत म्हणून: आयव्हीची तयारी नववीत कुठून सुरू करायची?

"मुलगी आठवीत आहे, पुढच्या वर्षी हायस्कूल. आयव्हीच्या तोडीच्या कॉलेजांसाठी आतापासून काय करायला हवं?" (आयव्ही म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे अमेरिकेतली आठ नामांकित विद्यापीठं.) हा प्रश्न अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत येतो, शनिवारच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये येतो, हल्ली पुण्याहून फोनवरही येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा समर प्रोग्रॅमची नावं हवी असतात. माझं उत्तर मात्र गणितापासून सुरू होतं, आणि ते ऐकून जरा विरस होतो.

अमेरिकी हायस्कूलमध्ये गणिताचा क्रम ठरलेला असतो: अल्जेब्रा 1, जिओमेट्री, अल्जेब्रा 2, प्रीकॅल्क्युलस, मग एपी कॅल्क्युलस (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय). विषय पाच, हायस्कूलची वर्षं चार. म्हणजे बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर अल्जेब्रा 1 आठवीतच उरकलेलं हवं. आठवीत ते कोणाला मिळणार, हे बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत) त्याआधीच्या एक-दोन वर्षांतल्या प्लेसमेंट टेस्टवर ठरतं. त्या टेस्टची चिठ्ठी घरी येते तेव्हा तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. इकडे अमेरिकेतली एमआयटी मात्र कॅल्क्युलसपर्यंतचं गणित आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी प्रत्येकी एक वर्ष झालेलं असावं, असं स्पष्ट सुचवते.

अल्जेब्रा 1 नववीत आलं तरी वाट बंद होत नाही. एक उपाय म्हणजे दहावीत जिओमेट्री आणि अल्जेब्रा 2 एकाच वर्षी घेणं. दुसरा, नववीनंतरच्या सुट्टीत जिओमेट्री करून टाकणं. मला पहिला बरा वाटतो. सुट्टीतला कोर्स पाच-सहा आठवड्यांचा असतो, त्यात प्रूफ्स घाईत उरकतात, त्रिकोणांची पकड कच्ची राहते. ते कच्चेपण अकरावीत प्रीकॅल्क्युलसच्या ट्रिगनॉमेट्रीत वर येतं, आणि अर्ज जातो तेव्हा पूर्ण झालेलं शेवटचं वर्ष अकरावीचंच असतं. सुट्टीतलाच मार्ग घ्यायचा असेल तर पैसे भरण्याआधी शाळेची लेखी परवानगी घ्या. काही शाळा बाहेरच्या कोर्सचा ग्रेड ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे चारही वर्षांच्या अधिकृत गुणपत्रकावर घेतात, काही फक्त पुढच्या वर्गात बसू देतात, काही तेवढंही करत नाहीत.

बाकीच्या विषयांत गोंधळ कमी. भाषेचं तेवढं लक्षात ठेवा: दोन वर्षं स्पॅनिश घेऊन सोडून देणं ही नेहमीची चूक आहे. हार्वर्ड एकच परकीय भाषा चार वर्षं घ्यावी असं सुचवतं. घरी बोललेली मराठी त्या रकान्यात आपोआप मोजली जात नाही. मात्र हायस्कूल पूर्ण करताना 'सील ऑफ बायलिटरसी', म्हणजे दोन भाषा लिहिता-वाचता येत असल्याचं प्रमाणपत्र मिळवता येतं. त्यासाठी तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठीची चाचणी चालते का, हे शाळेच्या काउन्सेलरला (विषयनिवड आणि कॉलेजच्या अर्जांत मदत करणाऱ्याला) नववीतच विचारून ठेवा.

"एपी किती हवेत?" याला आकडा नाही. ट्रान्स्क्रिप्टबरोबर शाळा स्वतःचं 'स्कूल प्रोफाइल' पाठवते. शाळेत कोणते एपी आहेत, ग्रेड कसे देतात, हे त्यात असतं. कॉलेजात अर्ज वाचणारा त्या चौकटीत मूल मोजतो. शाळेत सहाच एपी असतील आणि मुलीने पाच घेतले असतील, तर कॅलिफोर्नियातल्या मावसभावाच्या बारा एपींशी तुलना करण्यात अर्थ नाही. प्रोफाइल बहुतेक वेळा शाळेच्या वेबसाइटवरच असतं. ते आधी वाचा, मग विषय निवडा.

आता उपक्रम. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, त्यासाठी फक्त 10 रकाने आहेत आणि वर्णनाला स्पेस धरून 150 अक्षरं. प्रत्येकापुढे इयत्ता, आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे भरायचे. दहा उपक्रम, प्रत्येकी आठवड्याला 8 तास, म्हणजे 80 तास. शाळेचे 35, झोपेचे 56. बेरीज 171, आणि आठवड्यात तास 168. वाचणाऱ्यालाही बेरीज येते. अरंगेत्रम झालं असेल तर जरूर लिहा. पण ते उरकलं आणि नाच बंद, हे इयत्तांच्या खुणांवरून लगेच दिसतं. त्यापेक्षा तीन-चार गोष्टी बारावीपर्यंत टिकलेल्या बऱ्या. पगारी नोकरी आणि घरची जबाबदारी हे त्या यादीतले अधिकृत प्रकार आहेत. किराणा दुकानातली शनिवार-रविवारची नोकरी किंवा आजीला सांभाळणं लिहायला आपण उगाच लाजतो.

समर प्रोग्रॅमबद्दल माझं मत कडक आहे. नामांकित कॉलेजच्या आवारात दोन आठवडे राहायचे हजारो डॉलर घेणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमचा त्या कॉलेजच्या प्रवेशाशी संबंध नसतो. एमआयटीत होणारा 'आरएसआय' हा संशोधनाचा समर प्रोग्रॅम शिकवण्याची आणि राहण्याची फी घेत नाही, पण निवड अतिशय कठीण.

एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा परत आली आहे. एमआयटीने 2022 मध्ये ती पुन्हा सक्तीची केली, 2024 मध्ये हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ आले. येलला तिच्याऐवजी एपीचे स्कोअरही चालतात. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं मात्र स्कोअर बघतच नाहीत. परीक्षा आता डिजिटल, 2 तास 14 मिनिटांची. प्रत्येक विभागाचे दोन भाग, आणि पहिल्यावरून दुसरा सोपा की कठीण ते ठरतं. सोपा आला की वरचा स्कोअर हातातून गेला, म्हणून निष्काळजीपणाच्या चुका पहिल्या भागात जास्त महागात पडतात. अकरावी संपेपर्यंत हे प्रकरण मिटवा. शिफारसपत्रांसाठीही शिक्षकांना अकरावीच्या मे-जूनमध्येच विचारा. लोकप्रिय शिक्षक ठरावीकच पत्रं लिहितात आणि सप्टेंबरपर्यंत त्यांची यादी भरते.

पैशांबद्दल कोणी विचारत नाही, आणि तिथेच उशीर होतो. सरकारी आर्थिक मदतीच्या फाफ्सा अर्जात दोन वर्षं आधीचा टॅक्स बघतात: मुलाच्या दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं कॅलेंडर वर्ष. त्याच वर्षी कोथरूडचा फ्लॅट विकला तर तो नफा अमेरिकेच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून येतो आणि मदत घटते. विकायचाच असेल तर दोघांनी बसून वर्ष निवडा. अनेक खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा वेगळा अर्जही मागतात. त्यात मालमत्तेची चौकशी असते, भारतातलीसुद्धा. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर मदत वजा जाता खर्च किती येईल याचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो नववीतच चालवून बघा. अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज, बंधनकारक असतं: मुलगा, पालक, काउन्सेलर तिघांच्या सह्या, आणि प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे. दुसरीकडची मदत किती मिळते ते बघून ठरवायचं असेल, तर हा मार्ग तुमचा नाही.

महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांची अडचण वेगळी. दहावीनंतर मूल ज्युनिअर कॉलेजला नावापुरतं आणि दिवसभर क्लासला, असं झालं की शिफारसपत्र लिहायला ओळखणारा शिक्षकच उरत नाही. अर्ज करायचा असेल तर हजेरी खरी असणारं कॉलेज निवडा. काउन्सेलर नसेल तर प्राचार्य किंवा उपप्राचार्य ती भूमिका घेऊ शकतात. कॉमन ॲपवर त्यांना खातं उघडावं लागतं, शक्यतो ज्युनिअर कॉलेजच्या अधिकृत ई-मेलवरून; ते सप्टेंबरमध्येच करून घ्या. नववी-दहावीच्या गुणपत्रिका जुन्या शाळेकडून शिक्क्यासह आणा. परदेशी मुलांना आर्थिक मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम न होऊ देणारी कॉलेजं मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट आणि आणखी थोडी. इतर बहुतेक ठिकाणी अर्जातल्या 'मदत हवी' या खुणेमुळे निवड अवघड होते, पण ती खूण आधी टाळून नंतर मदत मागायची ठरवलीत तर अनेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याचा तो अर्ज घेतच नाहीत.