१४०२ नंतर १३१४ का? पीयूसीच्या केमिस्ट्रीतला माझा अनुभव

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीत, हे बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या आम्हा मुलांच्या पाचवीलाच पुजलेलं. कवचाला शेल म्हणायची सवय पंधरा दिवसांत लागते, त्याचं एवढं काही नाही. क्वांटम अंक झाले. आवर्तात, म्हणजे आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडं अणूची त्रिज्या घटते, आयनीभवन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) वाढते, हेही पटलं. गाडं अडलं ते एकाच जागी, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

दुसऱ्या आवर्ताचे या ऊर्जेचे आकडे बघा, किलोज्यूल प्रति मोलमध्ये: लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लोरिन १६८१, निऑन २०८०. चढणीवर दोन खड्डे, बोरॉनला आणि ऑक्सिजनला. माझ्या हाती आलेल्या गाइडमध्ये दोन्ही खड्ड्यांना एकच उत्तर छापलेलं: अर्धे किंवा पूर्ण भरलेले ऑर्बिटल (कवचातल्या इलेक्ट्रॉनच्या जागा) स्थिर असतात. का स्थिर असतात, यावर चकार शब्द नाही. पाठ केलं की मार्क मिळतात, पण प्रश्न जरा फिरवला की पंचाईत.

मग स्लेटरच्या नियमांनी प्रभावी केंद्रकीय प्रभार काढला, म्हणजे बाकीच्या इलेक्ट्रॉनांनी झाकल्यावर बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाची जी ओढ उरते ती. नायट्रोजनला बाहेरचे बाकीचे चार इलेक्ट्रॉन प्रत्येकी ०.३५ आणि आतले दोन ०.८५ धरून ७ − ३.१ = ३.९. ऑक्सिजनला ८ − ३.४५ = ४.५५. म्हणजे या हिशोबानं ऑक्सिजनचाच इलेक्ट्रॉन काढायला जड! बेरीज तीनदा तपासली, चूक नव्हती. स्लेटर दुसऱ्या कवचातली २एस आणि २पी ही उपकवचं एकाच पाटीत टाकतो आणि जोडी जमली की नाही ते बघतच नाही. त्यामुळं दोन्ही खड्डे त्याला दिसत नाहीत.

ऑर्बिटलला चौकट आणि इलेक्ट्रॉनला बाण, अशा चौकटी काढल्यावर सुटलं. नायट्रोजनच्या तीन २पी चौकटींत एकेक बाण, तिन्ही एकाच दिशेचे. ऑक्सिजनचा चौथा बाण कुणाच्या तरी चौकटीत उलटा घुसतो, दोघं एकमेकांना ढकलतात, म्हणून त्याला काढणं सोपं. बोरॉनचं दुखणं वेगळं. तिथं २पीमध्ये जोडीच नाही. त्याचा पाचवा इलेक्ट्रॉन २पीत, २एसपेक्षा वरच्या ऊर्जेला असतो, केंद्रकाजवळ कमी शिरतो आणि २एसचे दोघं त्याला झाकतात. ही दोन कारणं एका वाक्यात कोंबणाऱ्या गाइडवाल्याला काय म्हणावं?

समजलंय का ते तपासायचं असेल तर दुसरी आयनीभवन ऊर्जा (एक इलेक्ट्रॉन गेल्यावर दुसरा काढायला लागणारी) घ्या: ऑक्सिजन ३३८८, फ्लोरिन ३३७४. एक इलेक्ट्रॉन गेल्यावर ऑक्सिजनकडं २पीत तीन सुटे उरतात, फ्लोरिनकडं चार, म्हणजे त्यात एक जोडी. खड्डा एक घर पुढं सरकला. बहुपर्यायी प्रश्नात घाईघाईनं फ्लोरिनवर खूण करणारे इथंच पडतात.

तिसऱ्या आवर्तात मॅग्नेशियम ७३८, ॲल्युमिनियम ५७७, कारण बोरॉनचंच. फॉस्फरस १०१२ आणि गंधक १००० मधला खड्डा उथळ आहे, कारण ३पीचा ढग मोठा, ढकलाढकली कमी. ॲल्युमिनियम आठवायला आम्हाला लांब जायला नको, बेळगावातच बॉक्साइट या खनिजापासून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, काढतात. हे ऑक्साइड उभयधर्मी (आम्ल आणि अल्कली दोन्हींशी अभिक्रिया करणारं), म्हणून कॉस्टिक सोड्यात विरघळतं. बॉक्साइटमधलं लोखंडाचं ऑक्साइड विरघळत नाही, ते लाल चिखल होऊन मागं राहतं.

रासायनिक बंधांचं प्रकरण यानंतर भराभर गेलं. सोडियमची पहिली आयनीभवन ऊर्जा ४९६, दुसरी ४५६२. सोडियम एकच इलेक्ट्रॉन का देतो, हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

एक सांगायचं राहिलं: लोखंडाचा आयन करताना आधी ४एसचे दोन काढा, ३डीला नंतर हात लावा. आणि आलेख छापील बघू नका. ग्राफ पेपरवर अणुक्रमांक ३ ते १८ आडवे घ्या, उभ्या अक्षावर एक सेंटिमीटरला २०० धरा आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी पेन्सिलनं चौकटी काढा.